तीन लेगचा राष्ट्रीय विजेता: ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ डार्ट्स स्पर्धेची गोष्ट

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आयोजकांना फोन करून सरांची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली म्हणे. (हशा) तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेला माणूस डार्ट्सवर काय बोलणार, ही शंका रास्तच आहे. तेव्हा आधीच कबूल करतो, आम्ही हा खेळ आयुष्यात फार तर चार वेळा खेळलो असू, तोही नातवाच्या खोलीत, आणि त्यात फळीपेक्षा भिंतीला जास्त भोकं पडली. पण या खेळाच्या एका जुन्या स्पर्धेचा इतिहास वाचताना एक प्रश्न समोर आला आणि तो काही केल्या सुटेना. सर्वांत चांगला खेळाडू कोण हे ठरवणारी स्पर्धा आणि सगळ्या देशाला आत घेणारी स्पर्धा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात का? आपण ‘राष्ट्रीय विजेता’ म्हणतो, तेव्हा या दोहोंपैकी नेमकं काय म्हणत असतो?

ही स्पर्धा इंग्लंडमधली. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ नावाचं एक रविवारचं वर्तमानपत्र होतं, १८४३ साली निघालेलं. गुन्हे, कोर्टकचेऱ्या, भानगडी आणि खेळ हा त्याचा खुराक. १९५०च्या सुमाराला त्याचा खप ऐंशी लाखांच्या वर होता. या पत्राने १९२७ साली लंडन आणि परिसरापुरती डार्ट्सची वैयक्तिक स्पर्धा सुरू केली.

ज्यांनी खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल फळी, तिचे कलिंगडाच्या फोडींसारखे वीस भाग, प्रत्येकाला १ ते २० पैकी एक आकडा. बाहेरच्या अरुंद पट्ट्यात बाण लागला तर आकडा दुप्पट, म्हणजे डबल. मधल्या अरुंद पट्ट्यात लागला तर तिप्पट, म्हणजे ट्रेबल. प्रत्येकाने एका पाळीत तीन बाण फेकायचे. ५०१ पासून गुण वजा करत नेमकं शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण डबलमध्येच लागला पाहिजे. असा एक डाव म्हणजे एक लेग. फळीवर सगळ्यात वर २० असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १ आणि ५. म्हणजे लोभाने विसावर नेम धरावा आणि हात किंचित हलला की पदरात एक पडावा. ज्याने ही मांडणी केली त्याला मनुष्यस्वभाव चांगला कळत होता. तो कोण, यावर मात्र वाद आहे. बरीच वर्षं ब्रायन गॅमलिन नावाच्या एका सुताराला श्रेय दिलं जायचं. पुढे दुसरी नावंही आली.

आता १९२७च्या आधीची परिस्थिती बघा. ‘डार्ट्स’ या एका नावाखाली पाच-सात वेगवेगळे खेळ चालू होते. यॉर्कशायरच्या फळीवर ट्रेबलचा पट्टाच नव्हता. मँचेस्टरकडची फळी आकाराने लहान, आकड्यांची रांग वेगळी, आणि वर वीस नव्हे तर चार. पूर्व लंडनमध्ये ‘फाइव्हज’ नावाची फळी होती, तिच्यावर बाराच भाग आणि आकडे फक्त ५, १०, १५, २०. किती अंतरावरून फेकायचं, तेही पबगणिक वेगळं. आपल्याकडे विटीदांडूचे नियम गल्लीगणिक बदलायचे, तसाच प्रकार. स्वतःच्या गल्लीत तुम्ही राजे, पण शेजारच्या गल्लीत गेलात की आधी नियमांवर भांडण.

फळ्यासुद्धा लाकडाच्या असत, बहुतेक एल्मच्या. भोकं बुजावीत म्हणून त्या रात्रभर पाण्यात भिजवून ठेवायच्या. १९३०च्या दशकात सिसलच्या, म्हणजे आपल्या घायपाताच्या जातीतल्या झाडाच्या, धाग्यांची फळी आली. बाण काढला की धागे आपोआप मिटतात. कोकणात आणि देशावर बांधाला घायपात लावतात, त्याचे दोर वळतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याच्याच भावकीतलं झाड इंग्रजांच्या पबात भिंतीवर जाऊन बसलं.

तर मुद्दा असा. जिथे फळी एक नाही, अंतर एक नाही, तिथे ‘सर्वांत चांगला डार्ट्सपटू कोण’ हा प्रश्न चूक-बरोबरच्या आधीच अर्थहीन असतो. मोजायचं काय, तेच ठरलेलं नाही. वर्तमानपत्राने स्पर्धा काढली तेव्हा त्याला आधी एक फळी निवडावी लागली, एक अंतर ठरवावं लागलं. फळी ट्रेबलची, लंडनवाल्यांची. अंतर ८ फूट. सामना तीन लेगचा, म्हणजे दोन जिंकले की झालं. स्पर्धा पसरली तशी ही फळीही पसरली, आणि बाकीच्या फळ्या हळूहळू आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. आपण समजतो की खेळ आधी असतो आणि स्पर्धा नंतर येऊन त्यातलं कौशल्य मोजते. इथे उलटं झालेलं दिसतं. मोजणाऱ्याने मोजण्याजोगी वस्तू आधी घडवली आणि मग मोजली. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात मापनावर जे वाद चालतात, त्यांना याहून सोपं उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडलं नव्हतं. असो.

पहिल्या वर्षी साधारण हजारभर खेळाडू उतरले. अंतिम सामना लंडनच्या हॉबर्न हॉलमध्ये झाला आणि सॅमी स्टोन नावाचा गडी जिंकला. पुढच्या बारा वर्षांत जे झालं ते मात्र थक्क करणारं आहे. एकेक प्रांत जोडला जात गेला आणि १९३८-३९च्या हंगामात सगळे विभाग मिळून २,८०,०००च्या वर नावं नोंदली गेली. लंडन आणि दक्षिण इंग्लंड विभागाचा अंतिम सामना इस्लिंग्टनच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये होता. तिथे १४,५३४ प्रेक्षक जमले. चौदा हजार माणसं एका दीड फुटी फळीकडे बघत बसलेली! शेवटच्या रांगेतल्या माणसाला बाण दिसणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी जिम पाइक हा त्या काळचा सर्वांत गाजलेला खेळाडू मार्माड्यूक ब्रेकनकडून हरला. हे नाव लक्षात ठेवा, पाइक. त्याच्याकडे परत येऊ.

एवढी माणसं आली कुठून? नुसत्या वर्तमानपत्राच्या जाहिरातीने येत नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात पिणं कमी होत होतं, बिअर महाग झाली होती, सिनेमागृहं गिऱ्हाईक ओढत होती. दारू गाळणाऱ्या कंपन्यांना आणि पबमालकांना माणसाला संध्याकाळभर आत बसवून ठेवणारं काहीतरी हवंच होतं, आणि डार्ट्सला जागा लागते ती एका भिंतीपुरती. हे सगळं पॅट्रिक चॅप्लिन या अभ्यासकाने कागदपत्रं धुंडाळून मांडलं आहे. डार्ट्सच्या सामाजिक इतिहासावर त्यांनी रीतसर पीएच.डी. केली. आमच्या पिढीच्या मार्गदर्शकांपुढे कुणी असा विषय घेऊन गेला असता तर त्याला दाराबाहेरच उभं केलं असतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कदाचित तेच केलं असतं.

पबातला खेळ म्हटल्यावर सभ्य लोकांच्या कपाळाला आठ्या पडणं आलंच. १९३७च्या डिसेंबरात राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ यांनी स्लाव्ह गावच्या एका सामाजिक केंद्रात तीन-तीन बाण फेकले, राणीचे गुण राजापेक्षा जास्त झाले, आणि खेळाला एकदम प्रतिष्ठा आली. त्यानंतर दोनच वर्षांत, १९३९ साली, ग्लासगोच्या परवाने देणाऱ्या मंडळींनी पबातल्या डार्ट्सवर बंदी घातली. राजाने खेळलेला खेळ रोजच्या पिणाऱ्याने खेळू नये, असा एकूण प्रकार.

इथे कौशल्य आणि नशीब हा आमचा आवडता विषय येतो. डार्ट्सवाले एक गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगतात. १९०८ साली लीड्स शहरात एका पबमालकावर, तू नशिबाचा खेळ चालवतोस, असा खटला झाला. त्याने अ‍ॅनाकिन नावाचा एक पट्टीचा खेळाडू कोर्टात आणला, फळी टांगली, आणि त्या गड्याने तीन बाण विसात मारून दाखवले. परत मारा म्हटलं तर परत मारले. न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. गोष्ट सुरेख आहे, फक्त तिला कोर्टाच्या कागदाचा आधार सापडलेला नाही. पण युक्तिवाद म्हणून ती पक्की आहे: सांगून करता येतं आणि पुन्हा करता येतं, ते कौशल्य. आपल्याकडे हाच प्रश्न १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात. तिथे विषय बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा होता, आणि गंमत म्हणजे तीही बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून चालत आणि मुंबईत खपत. न्यायालयाने ते जुगारात काढलं. वर्तमानपत्र, बक्षीस आणि सामान्य माणसाची हौस यांचं नातं असं सगळीकडे सारखंच.

महायुद्धात स्पर्धा थांबली. १९४७-४८ साली परत सुरू झाली ती खऱ्या अर्थाने राष्ट्रीय होऊन, म्हणजे विभागांचे विजेते एकत्र आणून एकच अंतिम विजेता ठरवायचा. त्या पहिल्या वर्षी हॅरी लीडर जिंकला. हिची रचना नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिच्यात आहे. नाव थेट नोंदवता येत नव्हतं. तुमच्या नेहमीच्या पबात किंवा क्लबात आधी खेळायचं. तिथला विजेता आसपासच्या पबांच्या विजेत्यांशी भिडणार, मग परगणा, मग विभाग, आणि शेवटी लंडनचं मोठं सभागृह. कोळशाच्या खाणीतला मजूर, दूधवाला, पोस्टमन, जो कुणी त्या पबात बसतो तो त्या क्षणी राष्ट्रीय स्पर्धेत असतो. आपल्या माणसाला बघायला गावंच्या गावं बसगाड्या करून, फलक घेऊन येत. पुढे वर्षानुवर्षं अंतिम दिवस अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये होई, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून वेम्बलीत. बक्षीस म्हणाल तर करंडक आणि मान, पैसा नावापुरता.

आता आम्ही थोडं गणित केलं. पाटीवरचं गणित आहे, पण करून बघा. दोन लाख साठ हजारांच्या आसपास खेळाडू असले तर बाद पद्धतीत विजेत्याला साधारण अठरा सामने ओळीने जिंकावे लागतात. समजा एक खेळाडू इतका तयार आहे की दहापैकी नऊ सामने तो कुणाहीविरुद्ध जिंकतो. तो अठरा ओळीने जिंकण्याची शक्यता किती? शंभरात पंधरा. म्हणजे देशातला निर्विवाद उत्तम खेळाडूसुद्धा सातातून सहा वर्षं घरी परतणार. त्यात सामना तीनच लेगचा. एखादा खेळाडू समोरच्यापेक्षा सरस आहे, शंभर लेगपैकी साठ जिंकतो. तीन लेगच्या सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता ६५च्या आसपास. तेच तेरा लेगचा सामना ठेवला, सात जिंकणारा विजयी, तर ती ७७वर जाते. सामना जितका लांब, तितका दुबळ्याला वाव कमी. आणि त्यात ते आठ फुटांचं अंतर. १९७०च्या दशकात बाकी जग ७ फूट सव्वानऊ इंचांवर स्थिरावलं. पावणेतीन इंचांचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण वर्षभर एका रेषेवर हात बसवलेल्या माणसाला एका स्पर्धेपुरतं मागे सरकून उभं राहायचं म्हणजे काय, हे एखाद्या सतारियाला पडदे जरा सरकवून वाजवायला सांगा, म्हणजे कळेल.

गणिताला इतिहासाचा दुजोरा मिळतो. १९४७-४८पासून १९८९-९०पर्यंत ही स्पर्धा ४३ वेळा झाली. टॉमी गिबन्सने ती दोनदा जिंकली, टॉम रेडिंग्टनने दोनदा. टॉम बॅरेटने १९६४ आणि १९६५ अशी ओळीने दोनदा, आणि तसं करणारा तो पहिला. एरिक ब्रिस्टो, बॉबी जॉर्ज, माइक ग्रेगरी, प्रत्येकी दोनदा. बॉबी जॉर्ज १९७९ साली जिंकला तो संपूर्ण अंतिम टप्प्यात एकही लेग न हरता. पण तीनदा? कुणीच नाही. आता हाच एरिक ब्रिस्टो १९८० ते १९८६ या सात वर्षांत जागतिक विजेतेपद पाच वेळा घेऊन जातो. त्याचा शिष्य फिल टेलर जागतिक विजेतेपद सोळा वेळा घेतो. माणसं तीच, हात तेच. मग फरक कशाचा? मोजण्याच्या पद्धतीचा.

ही जागतिक स्पर्धा कशी आली, तेही थोडक्यात सांगायला हवं. १९७३ साली ऑली क्रॉफ्ट यांनी ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन स्थापली. त्याच सुमाराला टीव्हीला शोध लागला की डार्ट्स छोट्या पडद्यासाठीच जन्माला आला आहे: अर्ध्या पडद्यावर खेळाडूचा चेहरा, अर्ध्यावर फळी. इस्लिंग्टनच्या शेवटच्या रांगेतल्या त्या माणसाला जे दिसलं नाही, ते आता घरी खुर्चीत बसून दिसू लागलं. १९७८ साली नॉटिंगहॅमला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि लेटन रीस जिंकला. तिला सिगारेट कंपनीचं प्रायोजकत्व, निवडक खेळाडू, लांब सामने, आणि बक्षिसाचा खराखुरा पैसा. त्याच वर्षी आमच्या जुन्या राष्ट्रीय स्पर्धेत काय झालं? स्टीफन लॉर्ड जिंकला. लॉर्ड स्वीडनचा! तोवर परदेशी खेळाडूंनाही अंतिम टप्प्यात घेऊ लागले होते. १९८० साली तो पुन्हा जिंकला. जागतिक स्पर्धेचा पहिला मानकरी ब्रिटनचा आणि इंग्रजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा मानकरी स्वीडनचा, असं ते वर्ष.

मग व्यावसायिक खेळाडूंची तक्रार समजण्याजोगी आहे. ज्याचं पोट या खेळावर आहे त्याने तीन लेगच्या सोडतीवर वर्षाची प्रतिष्ठा का लावावी? त्याला न्याय म्हणजे त्याच्या कौशल्याचं अचूक मोजमाप. पबातल्या दूधवाल्याला न्याय म्हणजे त्याला दारातून आत घेणं, आणि आत आल्यावर जिंकण्याची खरीखुरी, मग ती कितीही बारीक असो, पण खरी शक्यता असणं. मंडळी, ही दोन्ही न्यायाचीच रूपं आहेत, आणि ती एकमेकांच्या वाटेत येतात. सामना लांबवा, दूधवाला गेला. सामना आखूड ठेवा, उत्तम खेळाडू नशिबाच्या हवाली. आम्ही पुष्कळ दिवस असा आकृतिबंध शोधला की ज्यात दोन्ही पुरेपूर साधतील. गणित तो देत नाही.

आमचा स्वतःचा कल कुठे, असं विचाराल तर सांगतो. जिम पाइकला परत बोलवू. तो त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू होता, यावर जाणकारांचं दुमत नाही. तो ही स्पर्धा कधीच जिंकला नाही. आणि तरीही तो सर्वांत मोठा होता, हे सगळ्यांना माहीत होतं! युद्धाच्या वर्षांत या वर्तमानपत्राने नामवंत खेळाडूंचा संघ करून ठिकठिकाणी मदतनिधीसाठी सामने लावले, त्या संघाचा पुढारी पाइकच. म्हणजे ‘सर्वांत चांगला कोण’ हे लोकांनी स्पर्धेकडून शिकण्याची गरज नव्हती, ते दुसऱ्या मार्गाने कळत होतं. मग स्पर्धा कशासाठी होती? आम्हाला वाटतं, ती वर्षातून एकदा सगळ्या देशाने एकाच फळीसमोर उभं राहण्यासाठी होती. विजेता हा त्या जत्रेचा मानकरी. देशातला श्रेष्ठ धनुर्धर तो असेल किंवा नसेल. पंढरीची वारी कोण आधी पोचतं हे बघायला कुणी काढत नाही. अर्थात उपमा ताणू नये. वारीत कुणी हरत नाही, इथे एक सोडून सगळे हरतात.

१९९० साली स्पर्धा बंद पडली. अखेरचा विजेता पॉल कुक. १९९७ साली एकदाच पुन्हा भरवली, तेव्हा पुरुषांत फिल टेलर जिंकला, आणि नंतर ती कायमची गेली. पत्रही २०११ साली बंद झालं, लोकांचे फोनवरचे निरोप चोरून ऐकल्याच्या प्रकरणात. आज व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा हिवाळ्यात होते, आणि ती २००७च्या डिसेंबरापासून कुठे भरते? अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये. २०२५च्या जानेवारीत तिथे ल्यूक लिटलर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा जिंकला. बक्षीस पाच लाख पौंड. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ९६ खेळाडू होते. दार अगदीच बंद आहे असं नाही. फी भरून कुणालाही व्यावसायिकांच्या पात्रता फेरीत उतरता येतं. पण त्यासाठी आधी मनाशी ठरवावं लागतं की आपल्याला व्यावसायिक व्हायचं आहे. जुन्या स्पर्धेत तसं काही ठरवावं लागत नव्हतं. संध्याकाळी नेहमीच्या पबात जावं लागायचं, आणि तिथे भिंतीवरच्या कागदावर नाव लिहावं लागायचं.

आमची वेळ संपली असं समोरून खुणावत आहेत. मागच्या रांगेत दोन हात कधीपासून वर आहेत. त्यांच्यापासून प्रश्न घेऊ.